सगळ्यात लहान माप

पौडच्या बाजारात मी बनियन, टॉवेल, नातवाची झबली जिथून घेते, ते दुकान एक बाई सांभाळते. कपडा दाखवण्याआधी ती तो उलटा करते आणि आतली शिवण स्वतःच्या गालावर घासून बघते. टोचली तर सरळ सांगते, "हे नगा नेऊ. लेकरू रडंल." गोड बोलणं तिला जमतच नाही. मला ती जरा तुसडीच वाटायची.

एकदा जवळच्या माले गावाहून एक तरुण आला. त्याची बायको सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती आणि मुलगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. डॉक्टरांनी मऊ झबली आणायला सांगितली होती. त्यानं तळहात पुढे केला. "एवढीशीच हाय, ताई."

दुकानातलं सगळ्यात लहान झबलंही तिला मोठं झालं असतं.

"बस हितं," म्हणत बाईनं मलमलीचा तुकडा कापला आणि ती शिलाई मशीनवर बसली. आम्ही गिऱ्हाइकं ताटकळत होतो, पण तिनं मान वर केली नाही. तीन झबली शिवली, शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवून.

ती हातात घेऊन त्यानं हळूच विचारलं, "जगंल ना वो?"

"मला काय ठावं? म्हैन्यानं मोठं माप न्यायला ये."

भलतंच काही ऐकावं लागेल म्हणून पुढे मी ते दुकान टाळत राहिले. शेवटी गेले, तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहून तीच म्हणाली, "आला हुता त्यो. झबली लई आखूड शिवली म्हणून माज्याशीच भांडत हुता."

आणि ती माझ्यासमोर पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.