सत्तावीस ओळींची किल्ली

टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त होऊन आत्याला पंधरा वर्षं झाली, पण लोकांना लाईन जोडून द्यायची खोड काही गेली नाही. कपाटावर तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवून ती स्वतःचा सर्व्हर चालवायची. त्यात कुठल्या बड्या कंपनीचा काडीचा संबंध नव्हता. एक्सचेंजमधल्या दहाजणी त्यावर गप्पा मारायच्या, आणि परगावच्या तसल्याच छोट्या सर्व्हरांशीही तो जोडलेला होता.

त्यातल्या एकावर तिची जुनी मैत्रीण होती. एक्सचेंजमधला सगळ्यात गोड आवाज हिचा. घशाच्या ऑपरेशननंतर तो कायमचा गेला. एका मोठ्या साईटवर तिने हे लिहिलं, तर टवाळखोर नवनवी नावं घेऊन तिला छळत राहिले. तेव्हापासून नवं नाव दिसलं की ती गप्प. लिहायची ती फक्त आत्याला. रोज सकाळी विचारायची, "लाईन मिळेल का?" आत्या कळवायची, "दिली, बोला." मग तासभर बघायला नको.

एका सोमवारी मेमरी कार्डाने मान टाकली. आत्याने नवं कार्ड घालून रविवारचा बॅकअप चढवला. जुनं सगळं परत आलं, पण बाहेर पाठवलेला निरोप कोणी घेईना.

मंगळवारी भाच्याने डोकं खुपसून पाहिलं. "आत्या, प्रत्येक निरोपावर सर्व्हर आपल्या किल्लीने सही करतो. ती किल्ली बॅकअपमध्ये नव्हती, म्हणून त्याने नवी बनवली. नाव तुझं, सही भलतीच. बाहेरचे तुला तोतया समजतायत. नवं नाव घे आणि मोकळी हो."

"नाव बदलायला मी काय चोरी केलीय?"

तेवढ्यात मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, नवं नाव आलं तरी बोल म्हणून मी खूप समजावलं. आई लिहून दाखवते, जुन्या नावाने लाईन आली तरच बोलेन. काल तर लिहायची पाटीसुद्धा ढकलून दिली."

आत्याने फोन ठेवला. ती तडक भावजयीच्या कपाटाकडे गेली आणि तळाची वही काढून आणली. किल्ली आणि रजिस्टर एका जागी ठेवायचं नाही, हा एक्सचेंजचा नियम. म्हणून तर तिने ती बॅकअपमध्ये घेतली नव्हती. किल्ली म्हणजे अक्षरं-आकड्यांच्या सत्तावीस ओळी, त्या तिने वहीत उतरवून ठेवल्या होत्या.

"हाताने लिहिल्यास?" भाचा किंचाळला.

"मग काय पायाने?"

टाईप करायला अख्खी दुपार गेली. सर्व्हरने किल्ली नाकारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. भाचा म्हणाला, "सोड ना आता." आत्याने त्याला चहा करायला पिटाळलं आणि भावजयीला हाक मारली. ही भावजय त्या कॉम्प्युटरच्या डबीच्या नावाने रोज खडे फोडायची.

"वहिनी, तुम्ही एकेक अक्षर वाचायचं, मी तेच परत म्हणत पडद्यावर ताडणार. आम्ही नंबर असेच घ्यायचो."

"वन्सं, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कुणी सांगितलंय? वाचा."

एकोणिसाव्या ओळीवर आत्या थबकली. ही ओळ पडद्यावर नव्हतीच! अठरावीची सुरुवात अगदी तिच्यासारखीच, म्हणून नजर दोन्ही वेळा खाली घसरली होती. आत्याने ओळ घातली. किल्ली लागली.

तिने लिहिलं, "लाईन दिली, बोला."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. आत्याचा चष्मा पुरता धुकटला होता, म्हणून भावजयीने मोठ्याने वाचलं: "तीन दिवस! ड्यूटीवर झोपली होतीस काय गं?"

"पुन्हा वाचा," आत्या डोळे मिटून म्हणाली. "जरा गोड आवाजात वाचा, वहिनी. ती असंच ओरडायची."