सापडलं कुठं?

नईम भागातल्या चांदीच्या दुकानात बसणारे ते रत्नागिरीचे गृहस्थ नाणं हातात घेण्याआधी विचारतात, "सापडलं कुठं?" जुन्या इंग्रजी चांदीच्या नाण्यांची त्यांची एक वही आहे. वजन, राजा, सापडल्याची जागा. खात्री असेल ते शाईने, शंका असेल ते पेन्सिलीने.

आमच्या ह्यांच्या कोटाच्या खिशातलं अर्धं नाणं मी त्यांच्यापुढे ठेवलं.

"तुटकंच आहे," मी म्हणाले.

"तुटलेलं नाही, ताई. अर्धी पेनी हवी असली की तेव्हा अख्खी मधोमध कापायचे. हे अर्धंच बाजारात चालायचं. सापडलं कुठं?"

"कोटाच्या खिशात."

"ती ठेवल्याची जागा झाली. साहेबांना कुठं मिळालं?"

"इंग्लंडात, नोकरीला होते तेव्हा. नक्की कुठं, ते आता कुणाला विचारू?"

हे जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या तेव्हाच्या डायऱ्या उघडायचा धीर मला झाला नव्हता.

त्या गृहस्थांनी बाकीचं शाईने लिहिलं, जागेचा रकाना कोरा ठेवला. "लिहिलं असेल त्यांनी कुठंतरी. बघा, इंशाल्ला मिळेल."

घरी येऊन मी पहिली डायरी उघडली. "शेतातल्या चिखलात नवे बूट गेले," असं लिहिलं होतं. मला हसू आलं. मी पान उलटलं.