इथे लांडगे नाहीत

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट या गावी आमच्या शेजारी राहणारा तो माणूस धनुष्यबाण घेऊन हरणांच्या शिकारीला जायचा. बोलणं अगदी मोजकं. गाडी रिव्हर्स घेण्याआधी दर वेळी खाली उतरून मागे बघून यायचा, आरशावर त्याचा भरवसा नव्हता.

त्याचे उच्चार पुण्याहून आलेल्या बाबांना कळत नसत. त्यांनी मला विचारायला लावलं, "लांडगा समोर आला तर हा काय करतो?"

तो हसला नाही. "इथे लांडगे नाहीत. जपायचं ते आम्हा शिकाऱ्यांपासून."

एप्रिलमध्ये इथली नर हरणं माजावर येऊन घोगरं ओरडतात. त्या दिवसांत एका सकाळी तो बाबांना घेऊन दारात आला. बाबा तपकिरी शाल गुंडाळून, वाट सोडून रानात शिरले होते आणि सवयीप्रमाणे मोठमोठ्याने खाकरत होते. आता शालीवर त्याचं, रानात माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालायचं भडक केशरी जाकीट होतं.

"आवाज ऐकून मी धनुष्य ताणलं होतं," तो मला हळूच म्हणाला. "पण जनावर पूर्ण दिसेना, म्हणून थांबलो."



"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं. "लांडगा दिसला का?"

"नाही," मी म्हणालो. "जाकीट तुमच्याकडेच ठेवा म्हणतोय."