ड्यूसवर थांबलेली मॅच

इंग्रज देश सोडून गेले हे साऱ्या नाशकाला मान्य आहे. एकट्या आमच्या धाकट्या मामंजींना मान्य नाही. त्यांच्या मते साहेब लोक जरा चहापाण्याला गेलेत, कारण त्यांची मॅच अर्धी आहे, आणि अर्धी मॅच टाकून कोणी देश सोडत नसतं. धाकटे मामंजी म्हणजे माझे चुलत सासरे. जन्मभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी केली, पण घरात विजेबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. फ्यूज उडाला तर शेजाऱ्याला हाक मारायचे. त्यांचा सगळा जीव टेनिसच्या एका स्पर्धेत, आणि त्या स्पर्धेची शेवटची फायनल झाली तेव्हा ते पाळण्यात होते.

नाशिकरोडला आज आमची कॉलनी आहे तिथे पूर्वी साहेबांचा क्लब होता. आजच्या बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या मैदानात टेनिसचं कोर्ट होतं आणि दर थंडीत तिथे मोठी स्पर्धा भरायची. मामंजींचे वडील, म्हणजे आबा, त्या कोर्टावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचे आणि बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचे. चेंडू उचलायची त्यांना मुभा होती, मारायची नव्हती. शेवटच्या वर्षी रेल्वेचा साहेब आणि लष्कराचा साहेब असे फायनलला भिडले आणि अगदी शेवटच्या गेमला ड्यूसवर आले. ड्यूस म्हणजे बरोबरी. आता लागोपाठ दोन पॉइंट घेईल तो जिंकला. तेवढ्यात सूर्य पांडवलेण्यांच्या डोंगराआड गेला. उरलेली उद्या, रेघा तयार ठेव, असं साहेबांनी आबांना सांगितलं. आबांनी सकाळी उठून रेघा मारल्या, आणि साहेब लोक तोवर सामान बांधून मुंबईच्या वाटेला लागलेले. आबा तरीही दर थंडीत रेघा मारत राहिले, आणि जाताना ते काम मुलावर सोपवून गेले. तेव्हापासून ‘स्पर्धा बंद पडली’ असं मामंजींसमोर म्हणायची कोणाची छाती नाही. थांबली आहे, असं म्हणायचं.

हा सगळा इतिहास मामंजी कुठेही सांगतात. हळदीच्या मांडवात सांगतात, रेशनच्या रांगेत सांगतात. विंचूरला एका घरी आम्ही दुखवट्याला गेलो होतो, तिथे त्यांनी म्हाताऱ्या बाईंना धीर दिला, की तुमचा माणूस हरून गेला नाही, ड्यूसवर गेला. बाईंना काय समजलं कोण जाणे, पण त्या रडायच्या थांबल्या. इतिहासही दर खेपेला वाढत जातो. एका मडमेचं कुत्रं पंचाला चावलं, हा त्यातला मोठा प्रसंग. धाकट्या सासूबाई लसूण सोलता सोलता हिशेब ठेवतात. म्हणतात, “मागच्या टायमाला तीनदा चावलं होतं. आज दोनदाच? कुत्रं म्हातारं झालं वाटतं.”

घरातलं सगळं ते टेनिसमध्येच मोजतात. कुकरची पहिली शिट्टी फिफ्टीन, दुसरी थर्टी, तिसरी फॉर्टी. एकदा शिट्टी अर्धवट फुसफुसली, तर त्यांनी फॉल्ट म्हणून गॅसच बंद केला आणि आम्ही सगळ्यांनी कच्चा भात खाल्ला. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे माझं इंग्रजी म्हणजे मामंजींचं टेनिस. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून कुठे दुखतं विचारलं, तेव्हा मी घाबरून ‘लाईनवर’ असं सांगितलं होतं.

आणि रेघा मारायचा दिवस तर सणच. पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि उरलेली फक्की पाण्यात कालवून रंगवलेले कॅनव्हासचे बूट. मामंजी चालले की मागे पावलं उमटत जायची. कोर्टाच्या जाळीचा एक लोखंडी खांब अजून जमिनीत रुतून होता; आम्ही बायका गोधड्या वाळवायची दोरी त्यालाच बांधायचो. तिथून दोरी धरून ते रेघा ओढायचे, आणि मग चार दिवस कोणी रेघेवर पाय द्यायचा नाही. पाहुणे, भाजीवाला, वरातीतला घोडा, सगळे पाय उचलून जायचे.

गेल्या थंडीत मात्र मैदानात पेव्हर ब्लॉकचे ढीग येऊन पडले. सगळं फरसबंद होणार, बाकं बसणार, खांब कापणार. कॉलनी खूश होती. मामंजी दोन दिवस जेवलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून आले आणि म्हणाले, “काम उद्यापासून आहे. आज मॅच संपवून टाकू. आबांची ड्यूटी तरी संपेल.”

पोरं क्रिकेटवाली, त्यांनी हसून काढता पाय घेतला. सासूबाई म्हणाल्या, मला गुडघे नाहीत. मग मामंजींची नजर माझ्याकडे वळली. मी चारचौघांत मोठ्याने शिंकतसुद्धा नाही. मी वाळत घातलेल्या गोधडीमागे लपले, तर ते म्हणाले, ती गोधडी तशीच राहू दे, तीच आपली जाळी, तू बरोबर जागेवर उभी आहेस. त्यांच्या हातात आबांनी क्लबच्या भंगारातून आणलेली रॅकेट, तारांऐवजी खाटेची नायलॉनची दोरी विणलेली. माझ्या हातात कपडे बडवायचं धोपाटणं. ते रेल्वेचे साहेब, मी लष्कराची. सासूबाई ब्लॉकच्या ढिगावर खुर्ची मांडून पंच झाल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, “कुत्रं नाय आणलं का?”

मामंजींची पहिली सर्व्हिस गोधडीला लागली, दुसरीही तिथेच. म्हणजे न खेळताच मला ॲडव्हान्टेज. आता एक पॉइंट मिळाला की लष्कर जिंकलं, फायनल संपली, स्पर्धा संपली. मामंजींनी चेंडू उडवला, मारला, आणि तो पापडासारखा हलकेच माझ्यासमोर येऊन उशीवर पडल्यासारखा मऊ उसळला. नुसतं धोपाटणं लावलं असतं तरी पलीकडे पडला असता, आणि मामंजींच्याने दोन पावलं धावणं होत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चेंडूकडे पाहतच नव्हते. ते खाली, आपल्या पायाजवळच्या सकाळीच ओढलेल्या पांढऱ्या रेघेकडे पाहत होते.

मी सतरंजी बडवतात तसं धोपाटणं मारलं. चेंडू विहाराच्या गच्चीवरून पार पलीकडे गेला.

“आऊट,” सासूबाई म्हणाल्या. “ड्यूस.”

मामंजींनी खिशातून दुसरा चेंडू काढला, हातात फिरवला, पश्चिमेकडे पाहिलं आणि परत खिशात घातला. “लाईट गेला,” ते म्हणाले. “उरलेली उद्या.” आणि गोधडीची घडी घालायला लागले. घरी येताना सासूबाईंनी मला हळूच विचारलं, मुद्दाम मारलास का गं. मी म्हटलं, धोपाटण्याला कुठे नेम असतो.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक बसले, खांब कापला. आता मामंजी गुडघ्यामुळे लेकीकडे विंचूरला असतात. तिथून फोन करतात तेव्हा तब्येत, पाऊसपाणी काही विचारत नाहीत.

“सूनबाई, कुठे थांबलोय आपण?”

“ड्यूसवर, मामंजी.”

“मग ठीक आहे,” म्हणतात आणि ठेवून देतात.

कॉलनीत आता सगळीकडे एकसारखे करडे ब्लॉक आहेत, नव्या माणसाला काहीच कळत नाही. भाजी घेऊन येताना मी मात्र बाकाजवळ आले की साडी जराशी वर धरते आणि पाय उचलून पुढे टाकते. परवा पाहिलं, तर मागून येणारा भाजीवालाही तसाच आला.