बायकोला बघायला येणारे शेजारी

मुलांनो, तुमचे बाबा परदेशी गेले त्या सुमाराची गोष्ट. पनवेलला आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत येऊन बसत, आपल्याच बायकोला बघायला.

सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेला हा माणूस प्रत्येक वाक्य "मुद्दा असा की" असं सुरू करी. एकदा बायकोने नाकात नवी चमकी घातली, ती यांना महिनाभर दिसलीच नाही. ते घाबरले. मग त्यांनी कुठेतरी वाचलं, की मेंदूत बघण्याच्या पेशी असतात. तेच ते समोर राहिलं की त्या मंदावतात आणि काही बदललं की पुन्हा तरतरीत होतात. झालं! दर रविवारी कपाट जागा बदलू लागलं. फ्रिज गॅलरीत गेला. टीव्ही स्वयंपाकाच्या ओट्यावर चढला, तेव्हा बायको कडाडली, "अहो, मी काही फ्लॉवरपॉट नाही. मी हलणार नाही!"

म्हणून ते स्वतःच हलले.

"मुद्दा असा की वहिनी," ते मला म्हणाले, "ती दिसेनाशी झाली तर मी करू काय?"

मी स्टूल दिलं.

एका संध्याकाळी ती समोरच्या खिडकीतून ओरडली, "काय हो, दिसतेय का आता?"

ते ताडकन उठले. "दिसतेयस! अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?"

खिडकी धाडकन बंद झाली.

ते मात्र आनंदाने माझ्याकडे वळले. "वहिनी, पेशी चालू झाल्या!"