आठ टॅपेट

बस डेपोत छत्तीस वर्षं इंजिनं उघडून निवृत्त झालेल्या हेडमिस्त्रींना लिहून ठेवायची चीड होती. इंजिनातून काढलेली वस्तू डावीकडून उजवीकडे, काढली त्याच क्रमाने मांडायची आणि त्याच क्रमाने परत बसवायची, ही त्यांची पद्धत. "चिठ्ठ्या डकवतो त्याला इंजिन कळलेलं नसतं," असं ते म्हणत. शिकाऊ पोरांना ते पान्याला हात लावू देत नसत आणि का, तेही सांगत नसत. त्यांच्याकडे जो शिकला तो चोरून बघून शिकला.

घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची जुनी गाडी उभी होती, सुनेपेक्षा चार वर्षांनी मोठी. नोकरीत असताना तिच्याकडे बघायला सवड झाली नाही. बायको तिच्या टपावर उशांचे अभ्रे वाळत घालायची आणि आल्यागेल्याला ऐकवायची, "जगाच्या गाड्या पळवल्या, घरची मात्र दांडीवर घातली!" निवृत्तीनंतर त्यांनी इंजिन खोललं आणि त्याच वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला.

डॉक्टर म्हणाले, कंप थांबणार नाही, हळूहळू वाढेल. किती हळू, ते सांगता येत नाही. हेडमिस्त्रींनी त्यातून आपल्यापुरता एकच अर्थ काढला. हात चालताहेत तोवर हे इंजिन स्वतः जोडायचं आणि एकदा सुरू झालेलं ऐकायचं. घरात हे ते कुणाजवळच बोलले नाहीत.

एका सकाळी ते डॉक्टरांकडून परत आले तर बाकावरचे आठही टॅपेट लखलखत होते. स्टीलच्या ट्रेमध्ये दोन रांगांत, चार-चार.

"कोणी धुतले?"

"मी, बाबा." सून हात पुसत बाहेर आली. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, त्या दिवशी तिला सुट्टी होती. "किती काळे झाले होते! रॉकेलमध्ये घातले आणि ब्रशने घासले."

हेडमिस्त्रींनी ट्रेमधले टॅपेट एकेक करून उलटून पाहिले. त्यांनी मांडलेला क्रम गेला होता.

टॅपेट म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी दट्ट्या. इंजिनात कॅम नावाचा एक दांडा फिरतो. त्याच्यावर आठ उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट घासत असतो. वर्षानुवर्षं एकत्र झिजून ते दोघे एकमेकांच्या मापाचे होऊन जातात. एकाचा टॅपेट दुसऱ्याच्या घरात बसवला, तर थोड्याच दिवसांत तो उंचवटा खाऊन टाकतो. नवे आणावेत, तर या गाडीचे भाग बनायचे बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चार दिवस जेवायला बसायचे, उठायचे, शेडकडे फिरकायचे नाहीत.

"अहो, पोरीने चांगल्यासाठी केलं," बायको म्हणाली. "रागवा तरी! तोंडाला कुलूप लावून काय बसलात?"

"रागावून काय होणार?"

पाचव्या दिवशी सून लॅबमधलं भिंग घेऊन समोर उभी राहिली. "बाबा, मी दिवसभर एकसारख्या दिसणाऱ्या पेशी वेगळ्या करते. यात काय बघायचं, तेवढं सांगा."

"सांगून कळत नसतं ते."

"तुम्ही आजवर कुणाला सांगून बघितलंय?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. हेडमिस्त्री चप्पल पायात सरकवून शेडकडे निघाले.

कॅमचा दांडा लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवलेला होता. ते बोलू लागले, सुरुवातीला अडखळत. टॅपेटच्या तळावर गोल रेघा असतात. त्या मधोमध आहेत की एका बाजूला कललेल्या, ते बघ. कड कुठे जास्त घासली आहे, ते बघ. मग तसाच घास कोणत्या उंचवट्यावर आहे, तो शोध. शब्द मिळाला नाही की हवेत बोट फिरवायचे, आणि बोट थरथरलं की हात मागे घ्यायचे. सून भिंगातून मान वर न काढता म्हणायची, "कळलं, पुढे सांगा."

दोन रविवारांत सहा टॅपेटना घर मिळालं. दोन उरले, तिसरा आणि चौथा, जुळ्या भावांसारखे. हेडमिस्त्रींनी भिंग हातात घेतलं. भिंगाखालच्या रेघा पाण्यासारख्या हलू लागल्या.

सुनेने न विचारता भिंग धरलं. "हा तिसऱ्याचा. नव्वद टक्के."

"उरलेल्या दहा टक्क्यांत इंजिन जातं."

"आमच्याकडे माणूस जातो. म्हणून आम्ही दुसऱ्याला दाखवतो. बघा ना."

त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ. अंदाजाने काहीही बसवायचं नाही, हे त्यांनी डेपोत कितीदा तरी बजावलं असेल. "बसव," ते म्हणाले.

इंजिन जोडायला आणखी सहा रविवार गेले. पहिला बोल्ट त्यांनीच लावायला घेतला. तो तीनदा आडवा गेला. चौथ्या वेळी त्यांनी पाना सुनेपुढे धरला. नंतर प्रत्येक बोल्ट तिने आवळला, कोणता आधी, कोणता मग आणि कुठे थांबायचं, हे हेडमिस्त्री सांगत राहिले.

सुरू करायच्या सकाळी बायकोला चालकाच्या जागी बसवलं. "मला चालवता येत नाही हं!"

"चालवायची नाही. सांगितलं की अ‍ॅक्सिलरेटर पायाने दाबायचा."

तीन-चारदा घरघरून इंजिनाने पकड घेतली. शेड धुराने भरली. हेडमिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. पोलादातून आतला आवाज कानात येतो.

टक, टक, टक, टक.

"वाजतोय," ते म्हणाले. "चुकलं."

सून जागची हलली नाही. "तिसरा?"

त्यांनी टोक चौथ्यावर नेलं. तेच. पहिल्यावर, आठव्यावर, तेच. ते थबकले. "दाब!" ते बायकोला म्हणाले. इंजिनाचा आवाज चढला. टॅपेट वाजत असता तर टकटकही चढली असती. ती होती तशीच राहिली, आपल्याच चालीने.

हेडमिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर कानापासून दूर केला आणि आपल्या हाताकडे पाहिलं. तो त्याच चालीने हलत होता.

"बंद करू का?" आतून बायकोने विचारलं.

"नको."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर सुनेच्या हातात दिला. "मूठ कानाला घट्ट लाव. पहिल्यापासून सुरू कर."

"काय ऐकू यायला हवं?"

"शिवणाचं मशीन चाललंय तसं, एकसारखं. मध्ये काही ठोकल्यासारखं आलं तर सांग."

तिने टोक टेकवलं, डोळे मिटले. "एकसारखं आहे."

"घाई करू नको. आता दुसरा."