ताईचा रविवार

आमच्या वरच्या मजल्यावर पाळीवाला राहतो. एका मोठ्या इस्पितळातल्या नर्सच्या पाळ्या तो कॉम्प्युटरवर लावतो, म्हणून हे नाव मीच ठेवलं. माणूस सोन्यासारखा, पण एकटा. घरात खुर्च्या दोनच, दुसरी ताईची. ही थोरली बहीण त्याच इस्पितळात नर्स. तीन महिन्यांत दोघांना एकही सुट्टी एकत्र मिळाली नव्हती.

"भावानं पाळ्या लावायच्या आणि बहिणीनं राबायचं!" ताई फोनवर टोमणा मारायची.

त्याच्याकडे दोन प्रोग्राम. एकात नावं आणि रजा. दुसऱ्याला नियम ठाऊक: रात्रपाळीनंतर लगेच सकाळपाळी नको, वॉर्डात चौघी हव्यातच. त्यावरून हा दुसरा प्रोग्राम पाळ्या काढतो. पूर्वी पहिला फाइल लिहायचा, दुसरा ती वाचायचा. पाळीवाल्यानं मधली फाइलच उडवली. आता माहिती मेमरीतून थेट पलीकडे.

"म्हणजे प्रॉम्प्टरच की रे!" मी टाळी वाजवली. नाटकात नट म्हणून विंगेतल्या त्या कुजबुजीवर मी चाळीस वर्षं जगलोय.

"नाही काका. प्रॉम्प्टर प्रयोगभर सोबत असतो. माझा पहिला प्रोग्राम पडदा उघडायच्या आधी सगळं सांगतो, मग मुका."

आणि तिथेच घात झाला. ताईची रविवारची रजा त्यानं नोंदवली, पण माहिती पलीकडे देऊन झाल्यावर. फाइल असताना हे चालायचं, कारण दुसरा प्रोग्राम ती अगदी शेवटी वाचायचा. हाताला सवय तीच. याच्या स्क्रीनवर रजा ठसठशीत दिसत होती. पलीकडे मात्र आधीची नक्कल. पाळ्या भिंतीवर लागल्या. ताई रविवारी दिवसभर कामावर.

"हातानं बदल की!" मी म्हणालो.

"मग ताईच्या जागी प्रसूती वॉर्डातली नवी मुलगी अडकेल. तिची आई गावाहून येतेय."

त्यानं ताईला फोन लावला. "शहाण्या, सगळ्या लक्षात राहिल्या, बहीण तेवढी विसरलास!" ती खो खो हसली. मग आवाज उतरला. "वेळेवर जेव हं." फोन बंद झाला तरी त्यानं तो कानावरून काढला नाही.

रविवारी सकाळी त्यानं क्रम बदलला: आधी सगळ्या रजा, मगच माहिती पलीकडे.

दुपारी मी वर गेलो. एक जिना, पण तीनदा थांबलो. टेबलावर दोन ताटं मांडलेली.

"या काका, बसा ना तिथं." त्यानं ताईच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"बसतो." मी खालून उचलून आणलेली माझी खुर्ची टेबलाला लावली.